दोन मडकी आणि एक प्रश्न



विद्यापीठाचं ग्रंथालय, संग्रहालय असं नुसतं म्हटलं तरी आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "ते शिकलेल्यांचं. आपलं तिथं काय काम?" आपलं तिथं काय आहे, तेच आज सांगते.

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. संस्था मूळची 1821 सालची. टिळक, आगरकर इथलेच विद्यार्थी. 1939 पासून ही संशोधनाची संस्था झाली आणि आता तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. पुरातत्त्व, भाषा, संस्कृतचा मोठा शब्दकोश अशी कामं इथं चालतात.

आधी पुरातत्त्वाच्या संग्रहालयात जा. तिथं इनामगावच्या वस्तू आहेत. इनामगाव म्हणजे आपल्या शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं गाव. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. सापडली ती सुमारे 3,600 ते 2,700 वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती. राजवाडा नाही. कुडामातीची घरं, चुली, धान्य साठवायची पेवं, धान्य वाटायचे दगड, तांबूस मडक्यांवर काळी नक्षी, तोटीची भांडी. जव हे त्यांचं मुख्य पीक.

आता मला सांगा, चूल, पाणी आणि धान्य यांची घरात जागा कशी लागते, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? वाटताना जोर कुठून लागतो, हे तुमच्या खांद्यांना पाठ आहे. तिथल्या पाट्या वाचायला वेळ लागला तरी वस्तू तुम्हाला लगेच वाचता येतील.

एका गोष्टीपाशी मात्र पाय थबकतात. इनामगावात लहान मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात लेकराला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. असं का करत, यावर अभ्यासक तर्क मांडतात. पण त्याच जमिनीवर दुसऱ्या दिवशी चूल पेटवणाऱ्या आईचं नाव कुठल्याच बखरीत नाही. तिची खूण एवढीच, दोन मडकी. माझी आजी विचारलं की म्हणायची, "मला सात." घरातले बाकी सगळे पाच मोजायचे. बारशाआधी गेलेल्या दोघांचा हिशेब फक्त तिच्याकडे होता.

आता ग्रंथालयाकडे वळू. इरावती कर्वे 1939 पासून याच संस्थेत होत्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली इथूनच निघाला. त्यासाठी त्यांनी गोळा केलं काय? आत्या, मावशी, नणंद, जाऊ यांना कोणत्या प्रांतात काय म्हणतात. मामाची मुलगी करायची चाल कुठे आहे, कुठे नाही. सासरी गेलेल्या मुलीला कुणापुढे पदर घ्यावा लागतो. म्हणजे आपण ओट्यावर बसून बोलतो तेच! एका बाईनं ते नीट विचारलं, लिहिलं, मांडलं, आणि जगभरचे अभ्यासक तो ग्रंथ वाचू लागले.

जायचं ठरवलंत तर बचत गटातल्या पाच-सहा जणी मिळून जा. आधी फोन करून दिवस आणि वेळ विचारा, दाखवायला कुणी असेल का तेही विचारा. ओळखपत्र जवळ ठेवा. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. ग्रंथालयात पुस्तकाचं नाव ठाऊक नसलं तरी बिचकू नका. "आमच्या तालुक्याबद्दल काही आहे का?" एवढं विचारलं तरी पुरे. ग्रंथपालाचं कामच ते आहे. आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना बरोबर न्या. आपली आई तिथं बेधडक प्रश्न विचारते, हे त्यांना दिसलं पाहिजे.

घरी आल्यावर एक करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला मुलं किती झाली?" ती सांगेल तो आकडा, सांगेल ती नावं, तशीच वहीत लिहून ठेवा. बाकीचे काय मोजतात ते विचारू नका.