तीन पानांमागची सात वर्षे



“गणित शिकून पोराचे पुढे काय होणार?” असे आपण विचारता. उत्तरादाखल एक हकीकत सांगतो.

मायकेल वॉटरमन यांचा जन्म १९४२ चा. बालपण अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्याजवळ, गुराढोरांत गेले. पुढे ते संख्याशास्त्र आणि संभाव्यता या विषयांत पीएच.डी. झाले. १९७४ च्या उन्हाळ्यात लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत टेम्पल स्मिथ यांची गाठ पडली, आणि गणिताचा हा माणूस जीवशास्त्राकडे वळला.

डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांची लांबलचक माळ. दोन माळांतील सर्वांत जुळणारा तुकडा कसा शोधावा? अक्षर जुळले की गुण द्यावे. चुकले वा गळाले की कापावे. बेरीज शून्याखाली जाऊ लागली की पुन्हा शून्यापासून मोजावे. सर्वाधिक गुणांचा तुकडा तोच! ही रीत दोघांनी १९८१ मध्ये अवघ्या तीन पानांत मांडली. जनुकांच्या अभ्यासात ती आजही वापरात आहे.

विद्यार्थ्यांनो, बेरीज-वजाबाकी तुम्हालाही येते. पालकहो, दहावी होताच मुलाला दुकानावर बसवण्याआधी, मुलीची शाळा थांबवण्याआधी, या तीन पानांमागची सात वर्षे आठवा. तेवढा धीर आपणही धरा.