खाडीतील परका शिंपला



मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील मायटिलॉप्सिस नावाचा लहानसा शिंपला १९६७ साली विशाखापट्टणम बंदरात आढळला. पुढे मुंबई बंदरातही त्याची नोंद झाली. जहाजांच्या तळाला चिकटून वा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून असे जीव दूरवर पोहोचतात. हा शिंपला जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. परंतु सुमारे महिन्याभरात तो प्रजननक्षम होतो, खारे व मचूळ पाणी सारखेच सोसतो आणि चिवट तंतूंनी खांब, दोर, होड्यांचे तळ व्यापून मूळच्या जीवांना जागा उरू देत नाही.

ऑस्ट्रेलियात डार्विन येथे १९९९ साली तो वेळीच ध्यानी आला, म्हणून रसायनांनी काही आठवड्यांत समूळ नष्ट करता आला. त्यात तेथील इतर जीवही बळी पडले. सर्वत्र पसरल्यावर मात्र कोणताच उपाय पुरा पडत नाही.

जहाजांतील अशा पाण्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात आहे. तथापि खाडीतील बदल प्रथम दिसतो तो कोळी बांधवांना आणि तिसऱ्या, कालवे वेचणाऱ्या भगिनींना. पंचायत सदस्यांनी त्यांचे म्हणणे नोंदवून मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस खाडीवर नेऊन तेथील शिंपल्यांची ओळख करून द्यावी. आपले शिंपले ठाऊक असल्याखेरीज परका ओळखू येणार नाही.