पायऱ्या लिहा!
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तुझ्या त्या कॉम्प्युटरबद्दल बोल, पण पाचच मिनिटं," असं संयोजकांनी मला बजावलंय. वर्गात माझी उत्तरं लांबायची, हे कुणीच विसरलेलं दिसत नाही!

टेबलावर हा जो तारांचा गुंता दिसतोय, तो मी घरी जोडलेला कॉम्प्युटर. 1976 साली आलेला झेड-80 प्रोसेसर, 64 केबी रॅम आणि डिस्कऐवजी जुन्या कॅमेऱ्यात असायचं ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. जोडणी दोन महिन्यांत झाली. खरं काम पुढंच होतं. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची होती. मी निवडली गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम, 1974 सालची.

तिचे तीन भाग. आपण टाइप केलेली आज्ञा समजून घेणारा एक, फायली सांभाळणारा दुसरा. हे दोन्ही आयते मिळतात. तिसरा भाग म्हणजे बायॉस. तो मात्र ज्यानं यंत्र जोडलं त्यानंच लिहायचा. माझं कार्ड कुठल्या तारेवर आहे, हे किल्डॉलना कसं ठाऊक असणार? अक्षर घे, अक्षर दाखव, डिस्कवरचा तुकडा वाच, तुकडा लिही, अशी एकूण 17 कामं.

एका रात्री पडद्यावर 'ए' आणि त्यापुढं बाणासारखी खूण उमटली. सीपी/एम चालू झाली! मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. दुसऱ्या दिवशी एक फाइल साठवली, तर यादीतली दुसरीच नावं गायब! तीन आठवडे मी कार्डाला आणि तारांना दोष देत राहिलो.

शेवटी माझ्या बाकावरचा मित्र फोनवर म्हणाला, "अरे, तू लिहितोस किती आणि कार्ड घेतं किती, ते आधी कागदावर मांड की!" मांडलं. सीपी/एम एका वेळी 128 बाइट लिहायला सांगते. कार्ड 512 पेक्षा कमी घेतच नाही. माझे 128 नीट जात होते, पण उरलेल्या 384 वर कचरा पडत होता. फायलींची यादीही कार्डावरच असते. एका नावाला 32 बाइट, म्हणजे एका फटक्यात 12 नावं पुसली जात होती. उपाय सोपा होता. आधी पूर्ण 512 वाचायचे, त्यातले 128 बदलायचे, मग सगळे परत लिहायचे.

आपल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसल्या की गुण कापायच्या. तेव्हा राग यायचा. पडद्यावर 'ए' दिसला तेव्हा मी उत्तरावरच खूश झालो होतो. लिहिण्याची पायरी तपासलीच नव्हती. बाई, तुम्ही कापलेले गुण योग्यच होते.

हे यंत्र मी आज शाळेच्या प्रयोगशाळेला देतोय, बायॉसच्या छापील प्रतीसह. विनंती एकच. ते काचेच्या कपाटात ठेवू नका. मुलांना उघडू द्या, बिघडवू द्या. दुरुस्तीला मी येईन, पण आधी त्यांनी पायऱ्या लिहून दाखवायच्या.