दुखणे एक, नावे अनेक



मी डॉक्टर नव्हे, बँकेतला कारकून आहे. तरीही आज दुखण्याविषयी बोलायला उभा आहे, कारण माझ्या भाच्याने सात वर्षे भलत्याच रोगाची औषधे घेतली.

पाचव्या वर्षापासून त्याचे हातपाय दुखत. थंडीत तो रात्रभर कण्हायचा. कुणी वात म्हटले, कुणी सांधेदुखीचा ताप, तर कुणी शाळा चुकवण्याचे सोंग! बाराव्या वर्षी एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, तेव्हा सिकलसेल निघाला.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त अडले की हाडे ठणकतात. शिकागोचे डॉ. हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींची नोंद केली. विदर्भात आदिवासींत आणि आपल्या समाजातही हा आजार अधिक आढळतो. म्हणून आपल्या घरातले मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणाले, तर 'वात' म्हणून गप्प बसू नका.

पण खरी चूक पुढे आमचीच झाली. विसाव्या वर्षी भाचा लंगडू लागला. "सिकलसेलचेच दुखणे," असे म्हणून आम्ही वर्षभर वेदनाशामक गोळ्या दिल्या. अखेर तपासणीत कळले, की खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी निकामी होत चालला आहे. मूळ आजार तोच. पण या दुखण्याला वेगळे उपचार हवे होते. सिकलसेलच्या रोग्याला हाडात जंतुसंसर्ग होतो, पित्ताशयात खडेही होतात. एका रोगाचे नाव कळले, म्हणजे दुसरा नाहीच असे नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्यांची तपासणी ठरली आहे. ती करून घ्या. सोल्युबिलिटी चाचणीत दोष आढळला, तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीही करा. वाहक कोण व पीडित कोण, हे पहिल्या चाचणीत कळत नाही. सर्व कागद एका फाईलमध्ये ठेवा. दुखण्याची जागा किंवा तऱ्हा बदलली, सोबत ताप आला, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, हे आणखी काही असेल का?"

हा प्रश्न आम्ही वर्षभर आधी विचारला असता, तर कदाचित भाच्याच्या हाती आज काठी नसती.