विज्ञानाचे उच्च शिक्षण आणि आपला हक्क

(अकोला येथील एका बुद्धविहारात अमरावती व अकोला जिल्ह्यांतील नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



माझा व्यवसाय वकिलीचा आहे. तेव्हा आपल्या मुलामुलींना वकील करा, असा उपदेश मी करीन अशी कोणाची समजूत असेल, तर ती मी प्रथमच दूर करतो. आज मी आपणांस विनंती करण्यास आलो आहे ती वेगळीच. आपल्या घरात जो मुलगा किंवा मुलगी विज्ञानाची पदवी घेऊन बसली आहे, तिचे शिक्षण तेथेच थांबवू नका. तिला एम.एस्सी. करू द्या, संशोधन करू द्या. त्यासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न आपण विचारणारच. त्याचे उत्तर देणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

ही विनंती माझ्या बुद्धीतून निघालेली नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. तरीही त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले की, कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे हित साधणार नाही. विज्ञान व तंत्रशास्त्र यांचे उच्च शिक्षणच त्याला उपयोगी पडेल. आपले लोक मुलांना कला आणि कायद्याकडे पाठवितात ते आवडीने नव्हे, तर विज्ञानाचा खर्च झेपत नाही म्हणून, हेही त्यांनी ओळखले होते. यास्तव त्यांनी देशातील विज्ञानशिक्षणासाठी दरसाल दोन लाख रुपये व परदेशातील शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची जी शिष्यवृत्ती आपल्याला आजही परिचित आहे, ती १९४४ साली सुरू झाली. म्हणजे शिष्यवृत्ती ही कोणा दात्याने आपल्या ओंजळीत टाकलेली भिक्षा नव्हे. ती मागून, भांडून आणि पुराव्यानिशी सिद्ध करून मिळविलेली आहे.

बाबासाहेबांचे स्वतःचे उच्च शिक्षणही शिष्यवृत्तीवरच झाले. १९१३ साली सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, आणि तरुण भीमराव कोलंबिया विद्यापीठात जाऊन पोहोचले. परंतु जाण्यापूर्वी त्यांना बडोदे सरकारशी लेखी करार करावा लागला. अभ्यास पुरा करून दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात होती. हे मी मुद्दाम सांगतो. शिष्यवृत्ती तेव्हाही कागदावर मिळत होती, आजही कागदावरच मिळते. बुद्धी असूनही ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला परत यावे लागते. आपल्या वऱ्हाडातील कित्येक मुले अशी परत आलेली मी पाहिली आहेत.

वऱ्हाडची परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात बाबासाहेब अमरावतीस आले, तेव्हा अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न पेटलेला होता. त्या परिषदेचे अध्यक्षस्थान ते भूषवीत असतानाच त्यांचे वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना तेथे मिळाली. त्या काळी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघून चार वर्षे झाली होती. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले व आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून उभे आहे. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ आले, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. ज्या संत गाडगेबाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, त्यांचेच नाव आज हे विद्यापीठ धारण करते. उच्च विज्ञानासाठी आता मुंबई-पुण्याला जाण्याची सक्ती उरलेली नाही. अडचण उरली आहे ती माहितीची, कागदांची आणि घरच्या माणसांच्या धीराची.

प्रथम माहिती सांगतो.

एम.एस्सी.च्या दोन वर्षांसाठी ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपखाली शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ होते. दोहोंचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा असतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन, निवास व निर्वाह यांसाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. अमरावती शहरासाठी ती वर्षाला ५१,००० रुपये ठरविण्यात आली. हा अर्ज समाजकल्याण खात्याकडे जातो. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून जो मुलगा बॅग उचलून गावी परततो, त्याला या योजनेचे नावही कोणी सांगितलेले नसते.

संशोधनासाठी मुख्य परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. रसायन, भौतिक, जीव, गणित व पृथ्वीविज्ञान या विषयांत ती घेतली जाते. अनुसूचित जातीच्या उमेदवारास एम.एस्सी.ला पन्नास टक्के गुण पुरतात. शेवटच्या वर्षात शिकणाराही बसू शकतो. या परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. याखेरीज अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. तिच्या जागा २,००० आहेत. पुण्याची बार्टी ही संस्था महाराष्ट्रातील आपल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना बाबासाहेबांच्या नावाची संशोधन अधिछात्रवृत्ती देते. तिच्या जागा व अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. कृषीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र परीक्षा आहे. परदेशी जाण्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, अशा दोन वाटा आहेत.

आता विद्यापीठातील उपक्रमांविषयी. दरवर्षी महाराष्ट्रातील विद्यापीठांत आविष्कार हा संशोधनाचा महोत्सव होतो. प्रथम जिल्हा, मग विद्यापीठ, मग सर्व राज्य अशा पायऱ्यांनी विद्यार्थी आपले काम तक्त्यावर मांडतात व परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देतात. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्याच दिवशी सर सी. व्ही. रामन यांचा शोध जाहीर झाला. त्या सुमारास महाविद्यालयांत व्याख्याने व प्रदर्शने होतात. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देते. तिचा अर्ज कित्येक महिने आधी भरावा लागतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिवार फेरी तर आपल्या शेतमजूर बांधवांनीही मुलांना घेऊन पाहावी अशी असते. या गोष्टींना आपली मुले संकोचाने जात नाहीत. तेथे इंग्रजी बोलतात, आपले कपडे साधे, ओळख कोणाशी नाही, ही भीती त्यांच्या मनात असते. परंतु मार्गदर्शक प्राध्यापकाची पहिली भेट अशाच ठिकाणी होते, आणि पुढे पीएच.डी.च्या वेळी तीच ओळख कामी येते. मुलाने जाण्यायेण्याचे भाडे मागितले तर ते चैनीसाठी मागितले असे समजू नका.

आता मी माझ्या क्षेत्रात येतो. हे सर्व ज्या एका दाखल्यावर अडते, तो जातीचा दाखला. येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनाला टोचणी लागते. आम्ही जात सोडली, बुद्धाला शरण गेलो, मग पुन्हा तो शब्द कागदावर का लिहावा? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवलेला होता. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांचा हा दर्जा त्यामुळे गेला. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या कायद्यात बौद्ध हा शब्द येण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे लागली. त्या काळात आपल्या आजोबा-वडिलांनी सवलत गमावली, पण धम्म सोडला नाही. आज त्या त्यागाची आवश्यकता राहिलेली नाही. कायदा असे विचारतो की, आपल्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला तो कोणत्या जातीच्या नावाने? त्याचे उत्तर लिहून देणे म्हणजे जात मानणे नव्हे. मार खाल्लेल्या माणसाने न्यायालयात जखम दाखविली, म्हणून त्याला जखमेचा अभिमान आहे असे कोणी म्हणत नाही. दाखल्यात मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्म या दोन्ही गोष्टींची नोंद असावी. धर्म लपवू नये व जातही गाळू नये.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. अकोला जिल्ह्यातील एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.ला प्रवेश मिळालेली. अधिछात्रवृत्तीसाठी जातवैधता प्रमाणपत्र मागितले होते, आणि मुदतीचे अठरा दिवस उरले होते. तिच्या व वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ लिहिलेले. आजोबांची जुनी नोंद दुसऱ्या तालुक्यातील एका शाळेत होती. वडिलांनी कापूस वेचणीच्या हंगामातील मजुरी बुडवून तीन फेऱ्या मारल्या. नोंद सापडली ती मुदत संपल्यावर. त्या मुलीचे एक वर्ष गेले. ती हुशार होती, कष्टाळू होती, कायदा तिच्या बाजूने होता. तरीही वर्ष गेले. घरी परत जाताना वडील मला म्हणाले, “साहेब, हा कागद लागतो हे कोणी दहावीतच सांगितलं असतं तर?” त्या दिवसापासून मी ठरविले की, जेथे जाईन तेथे हे दहावीतच सांगावयाचे.

म्हणून माझे सांगणे ऐका. मूल आठवी-नववीत आहे तेव्हाच कामाला लागा. वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, जुने महसुली कागद हे गोळा करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वी आपले घराणे महाराष्ट्राच्या या भागात राहत होते व त्याची जात कोणती होती, हे ज्यावरून दिसते तो कागद सोन्याच्या मोलाचा समजा. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. वैधता जिल्हा जात पडताळणी समिती देते. नॉन-क्रिमिलेअर दाखला अनुसूचित जातीला लागत नाही. तो काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून घ्या व त्याची मुदत पाहा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे दाखला ठरावीक दिवसांत देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्ज केल्याची पोच घ्या. मुदत टळली तर अपील करा. त्यासाठी वकील लागत नाही. अर्ज फेटाळल्यास कारण लेखी मागा. “साहेब रागावतील” या भीतीने गप्प बसू नका. हक्क मागणाऱ्यावर रागावण्याचा अधिकार कोणत्याही साहेबाला नाही.

मुलींच्या बाबतीत मला अधिक आग्रहाने बोलावयाचे आहे. बी.एस्सी. झाली, आता स्थळ पाहू, हे वाक्य मी बौद्ध घरांतही ऐकतो. दरमहा सदतीस हजारांची अधिछात्रवृत्ती मिळवू शकणारी मुलगी दोन वर्षे थांबली, तर कोणाचे काय बिघडते? लग्न पुढे होऊ शकते. परीक्षेचे वय निघून गेले की ते परत येत नाही.

काहीजण विचारतात, संशोधन करून आमच्या वस्तीला काय मिळणार? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पाहा. अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांतील किती गावांत विहिरीचे पाणी तोंडाला लावता येत नाही! ते पाणी प्रथम गरिबाच्या वाट्याला येते. त्याची परीक्षा करणारा, त्यावर उपाय शोधणारा शास्त्रज्ञ त्याच गावात वाढलेला का नसावा? २०२० साली लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. कोणी त्यास चमत्कार म्हटले असते. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे दाखविले. ऐकले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. विज्ञानाचा विद्यार्थी तोच उपदेश रोज प्रयोगशाळेत पाळतो. आपण दीक्षा घेतली तेव्हाच त्या वाटेवर पहिले पाऊल टाकले आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. पत्र्याची पेटी असो की कपाट असो, ते उघडा. आजोबांचा दाखला आहे की नाही, ते पाहा. असेल तर त्याच्या प्रती काढून ठेवा. नसेल तर येत्या आठवड्यात त्यांच्या शाळेत अर्ज द्या. शेजारच्या घरी ही गोष्ट सांगा, विहारात येणाऱ्या प्रत्येक आईला सांगा. बाबासाहेबांनी १९४२ साली जे मागितले ते आज मिळू शकते. ते आपल्या मुलांच्या हाती पडावे एवढी दक्षता आपण घेऊ या.

जयभीम!