परदेशी व्यापारातील तंटे : न्यायालय कोणते, कायदा कोणता?

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सीमेपलीकडचा व्यापार आता केवळ मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. तिरुपूरचा छोटा कापड उत्पादकही थेट अमेरिकेतील खरेदीदाराशी करार करतो. समजा, माल पोहोचला; पण पैसे आले नाहीत. अशा वेळी तीन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. दावा कोणत्या न्यायालयात चालेल? निर्णय कोणत्या देशाच्या कायद्यानुसार होईल? आणि मिळालेला हुकूमनामा कोठे बजावता येईल? परीक्षार्थी या तिन्हींची सरमिसळ करतो तेव्हा गुण जातात; व्यापारी करतो तेव्हा पैसे बुडतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० मध्ये सापडते. प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडते, तेथील न्यायालयास अधिकारिता असते. त्यामुळे प्रतिवादी परदेशात असला तरी दावा भारतात चालू शकतो. मात्र मुळात अधिकारिता नसलेल्या भारतीय न्यायालयास ती केवळ कराराने बहाल करता येत नाही. दोन न्यायालयांस अधिकारिता असेल, तर त्यांपैकी एकाची निवड करता येते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये हकमसिंग विरुद्ध गॅमन (इंडिया) या खटल्यात मांडले.

परदेशी न्यायालयाची निवड मात्र पक्षकारांना करता येते, मग कराराचा त्या देशाशी अन्य संबंध नसला तरी चालते. २००० साली नैरोबी येथे झालेल्या क्रिकेट स्पर्धेच्या दूरदर्शनवरील प्रक्षेपणावरून तंटा उद्भवला. करारात इंग्लंडचा कायदा व तेथील न्यायालये मान्य केलेली होती. तरीही भारतीय कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि इंग्लंडमधील दावा रोखण्याची मागणी केली. मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट या नावाने गाजलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये अशी मनाई नाकारली. स्वेच्छेने निवडलेल्या तटस्थ न्यायालयातील कार्यवाही केवळ गैरसोयीची आहे म्हणून रोखता येत नाही. त्यासाठी असाधारण कारण हवे.

छापील अटींचेही असेच आहे. आफ्रिकेतून कोचीनला आलेल्या काजूबियांच्या मालात तूट निघाली. पण जहाज कंपनीच्या माल-पावतीवर इंग्लंडच्याच न्यायालयांची अट होती. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट ग्राह्य धरली आणि कोचीनमधील न्यायालयास अधिकारिता नसल्याचे ठरविले. पावतीची मागची बाजू न वाचणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण होय.

दुसरा प्रश्न कायद्याच्या निवडीचा. एनटीपीसी विरुद्ध सिंगर (१९९२) या निर्णयाने सूत्र स्पष्ट केले. पक्षकारांनी स्पष्टपणे निवडलेला कायदा लागू होतो. निवड व्यक्त नसल्यास करारातून ध्वनित होणारा हेतू पाहिला जातो. तोही आढळला नाही, तर व्यवहाराचा सर्वांत निकटचा व खरा संबंध ज्या देशाशी असेल त्याचा कायदा लावला जातो. म्हणजे न्यायालय एका देशाचे आणि कायदा दुसऱ्या देशाचा, असेही घडू शकते.

तिसरा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. पण वसुली त्यावरच अवलंबून असते. परदेशी निर्णय भारतात केव्हा निर्णायक मानला जाणार नाही, याचे सहा अपवाद कलम १३ मध्ये आहेत. सक्षम न्यायालयाचा अभाव, नैसर्गिक न्यायाचा भंग आणि कपट हे त्यांतील प्रमुख. कलम ४४-अ नुसार ब्रिटन, सिंगापूर यांसारख्या परस्परमान्य देशांतील वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे थेट बजावता येतात. २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीचाही त्यांत समावेश झाला. अमेरिका या यादीत नाही. तेथील निर्णयाच्या आधारे भारतात नवा दावा करावा लागतो. उलट दिशेने पाहता, भारतीय हुकूमनाम्याचे अमेरिकेत काय होईल हे तेथील कायदा ठरवितो. तिरुपूरच्या उत्पादकाने आपल्या गावी दावा जिंकला, पण खरेदीदाराची सर्व मालमत्ता अमेरिकेत असली, तर तो विजय कागदावरच राहण्याचा धोका असतो.

म्हणूनच अनेक व्यापारी लवादाकडे वळतात. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराला दीडशेहून अधिक देशांनी मान्यता दिली असून अमेरिकाही त्यात आहे. भारत १९६० मध्ये त्यात सहभागी झाला. या करारामुळे एका देशातील लवादाचा निवाडा दुसऱ्या सदस्य देशात मर्यादित कारणांवरच नाकारता येतो. मात्र लवादाचे स्थान विचारपूर्वक ठरवावे लागते. ते परदेशात असेल, तर निवाडा रद्द करण्याची मागणी भारतीय न्यायालयात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१२ च्या बाल्को निर्णयात भावी करारांसाठी स्पष्ट केले.

करारावर सही करताना भाव आणि मुदत यांची घासाघीस होते. तंट्याची अट मात्र न वाचताच मान्य केली जाते. लहान निर्यातदारास परक्या देशात वकील लावणे परवडत नाही आणि न्याय्य येणे सोडून द्यावे लागते. उद्या प्रशासनात वा वकिलीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही तीन प्रश्नांची विभागणी नीट समजून घेतली, तर असा सल्ला सहीपूर्वीच देणारी माणसे लहान व्यापाऱ्यांना मिळतील.