शरीरशिक्षण : तालमीकडून विद्यापीठाकडे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम अभिवादन करतो. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने शरीरशिक्षणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु या विषयाच्या दारात मी शिरलो तो एका शब्दाचा हात धरून. तो शब्द ‘तालीम’.

तालीम म्हटले की आपल्याला लाल माती आणि लंगोट आठवतो. मुळात हा शब्द अरबी, आणि त्याचा अर्थ शिक्षण. बिदरला महमूद गवानाचा 1472 चा मदरसा उभा आहे. तेथे चाले तीही तालीमच. मराठीने मात्र तो शब्द घेतला आणि थेट आखाड्यात नेऊन बसविला. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’ म्हणजे गुरूच. कुस्ती शिकणे हे शिक्षण आहे, असे आपल्या पूर्वजांच्या भाषेने केव्हाच मान्य केले होते. आपणच ते विसरलो. दहावी-बारावीला गुण कमी पडले, की ‘दुसरीकडे जमत नाही, तर बी.पी.एड. कर’ असा सल्ला घरोघरी दिला जातो. वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. मला हे दोन्ही खटकतात.

या अभ्यासक्रमात काय शिकावे लागते ते पाहा. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, मापन व मूल्यमापन, क्रीडाव्यवस्थापन, आणि यांशिवाय मैदानावरचे सराव-पाठ. 2014 च्या नियमांनी बी.पी.एड. दोन वर्षांचे झाले. हा उरल्यासुरल्यांचा विषय नव्हे.

आपल्याकडे याची परंपराही नवी नाही. मद्रासला हॅरी बक यांनी 1920 साली वाय.एम.सी.ए.चे शरीरशिक्षण विद्यालय काढले, हे खरे. पण त्याआधी 1914 मध्येच अमरावतीला अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली होती. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आज तेथे शरीरशिक्षणाचे पदवी महाविद्यालय आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत मोजावयास घेतले. मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षणसंस्था 1938 ची. आणि बडोद्याला दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध केला, तो मराठीत! वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या कोशाकडे ढुंकून पाहिले नाही. ललित नाही म्हणून असेल.

आता एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे आयुर्वेद सांगतो. अर्धी शक्ती ओळखायची कशी? सुश्रुताने खूण दिली आहे: हृदयस्थानचा वायू तोंडाशी येऊ लागला, की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. आमचे वस्ताद म्हणतात, ‘तोंडाने दम घेऊ लागला, थांबव त्याला.’ आजचे शरीरक्रियाशास्त्र सांगते, की श्रम एका मर्यादेपुढे गेले म्हणजे श्वसन प्राणवायूच्या वापराच्या प्रमाणात न राहता एकाएकी वाढते. त्या बिंदूला श्वसनाचा उंबरठा म्हणतात. तो यंत्रावर मोजता येतो. तिन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. प्राचीनांना सगळे ठाऊक होते, हा आपला आवडता गैरसमज आहे. पण तिघांची नजर एकाच ठिकाणी खिळली आहे. ‘दम’ म्हणजे काय, हे लहानपणापासून ऐकलेल्या मुलाला हा धडा परका वाटायला नको.

तरी तो वाटतो, कारण पुस्तक इंग्रजीत असते. आपल्या सीमाभागात ही अडचण दुहेरी आहे. 1956 पूर्वी उदगीर, निलंगा, भालकी हे सारे एकाच बिदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबरला रेघ पडली. निलंगा, उदगीर पलीकडे गेले, भालकी इकडे राहिली. निलंगा तालुक्याच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि पुढे पुण्यात पैलवान घडविले. आखाड्याची भाषा रेघेच्या दोन्ही बाजूंना तीच राहिली. मेहकरचा मराठी शाळेतला मुलगा कलबुर्गीला गेला तर त्याच्यापुढे कन्नड आणि इंग्रजी, उदगीर-नांदेडला गेला तर राज्य बदलते. त्याने कोठेही जावे. कन्नड शिकावी, शेजाऱ्याची भाषा ओझे नसते. पण धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे शब्द वसतिगृहाच्या दाराशी काढून ठेवू नयेत.

फावल्या वेळाचे नियोजन हाही आता अभ्यासाचा विषय आहे. हसू नका. खानापूरच्या मैलार मल्लण्णाच्या जत्रेची गर्दी, पाणी, वाटा लावणे किंवा गावच्या फडात रेवड्यांच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत वजन, वय पाहून जोड लावणे, हे काम आपले लोक पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. पदवीधराने त्यात प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींसाठी मैदान यांची भर घालावी. मुलींचे मैदान ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण आपल्या तालमींनी तो विचार फार उशिरा केला.

संस्थाचालकांकडे माझे एक मागणे आहे. गावात जुने वस्ताद आहेत तोवर विद्यार्थ्यांनी वह्या घेऊन त्यांच्याकडे बसावे. प्रत्येक डावाचे नाव, तो कोणत्या पायावर तोलला जातो, त्याची तोड काय, हे लिहून घ्यावे. वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. ग्रंथपालांनी तिला क्रमांक द्यावा, भाषेच्या कपाटात किंवा विज्ञानाच्या, त्यांना योग्य वाटेल तेथे.